नोकरी टेक्सटाइल डिझाइनची आणि घरी स्वतःचं हातकाम, दोन्ही चालू ठेवायचं कसं

टेक्सटाइल डिझाइनच्या नोकरीत असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या घरी काहीतरी अर्धवट पडलेलं असतं. मागावर चढवलेला ताणा म्हणजे उभे धागे, रिंगमध्ये अडकलेलं भरतकाम, कोरायला घेतलेला ठसा. विचारलं की उत्तर ठरलेलं, वेळ मिळत नाही. मग सल्ले सुरू होतात, पहाटे उठा, मोबाईल कमी बघा, रोज एक तास काढाच. सल्ले वाईट नाहीत, पण ते अकाउंट्समधल्या माणसाला जास्त लागू पडतात, तो दिवसभर आकडे बघतो आणि संध्याकाळी सूत हातात घेतलं की त्याला बरं वाटतं. आपलं तसं नसतं ना. घरच्या कामाला जे लागतं तेच आपण दिवसभर ऑफिसात वापरून संपवलेलं असतं, म्हणजे डोळा आणि निवड करायची ताकद. एका फुलांच्या प्रिंटचे आठ कलरवे, म्हणजे रंगांचे वेगवेगळे पर्याय, काढायचे, त्यातले पाच बायरने उडवायचे, उरलेल्या तिनांवर 'जरा फ्रेश करा' असा शेरा यायचा, आणि मग घरी येऊन 'हा निळा घेऊ की तो निळा' हे कोणाला हवंय? तास सापडतो हो, ठरवायची ताकद उरलेली नसते.

त्यामुळे तासांची वाटणी करत बसण्यात फार अर्थ नाही असं माझं मत आहे. नोकरी तुमचं नेमकं काय वापरते ते आधी बघा, आणि घरचं काम असं लावा की नोकरीच्या दिवशी संध्याकाळी ते लागणारच नाही. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी थोडे दिवस नुसती नोंद ठेवा

दोनेक आठवडे ऑफिस सुटताना एक ओळ लिहा, आज काय दमलंय. डोळे, मनगट, डोकं, की बोलून बोलून घसा. डिझायनर म्हटलं तरी प्रत्येकाचं दमणं वेगळं असतं. प्रिंटवाला दिवसभर स्क्रीनवर रिपीट, म्हणजे परत परत येणारा नमुना, जुळवतो, त्याचे डोळे आणि माऊसचा हात जातो. यार्न-डाइडवाला, म्हणजे आधी रंगवलेल्या सुताचं कापड करणारा, चेक्स आणि पट्ट्यांत असतो, धागे मोजतो, त्याला घरी येऊन परत धागे मोजायला लावणारं विणकाम नको होतं. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवाला मिलशी भांडतो, लॅब डिप, म्हणजे रंग पास करायला आलेले छोटे नमुने, परत पाठवतो, कुरिअरच्या मागे लागतो, दिवसभरात त्याने रेघसुद्धा मारलेली नसते, त्याचा हात उपाशी असतो. अशा माणसाने घरी ड्रॉइंग केलेलं चालतं, उलट करावंच. पण प्रिंटवाल्याने घरी येऊन पुन्हा पेन टॅबलेट उघडला आणि त्याला 'पर्सनल वर्क' नाव दिलं तर ते फार दिवस टिकत नाही, तीच खुर्ची, तोच स्क्रीन, तेच मनगट. त्याने सूत धरावं, नाहीतर माती, काहीही ज्याला अनडू नाही.

कॉन्ट्रॅक्ट काढून वाचा, कंटाळा आला तरी

हा भाग नीरस आहे पण घरचं काम सुरू करायच्या आधीच उरकायचा. बऱ्याच देशांत कायदा असा आहे की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे बनवलं त्याचे हक्क मालकाचे, वेगळं लिहून घेतलेलं नसेल तर. इथवर कोणाची तक्रार नसते. अडचण त्याच्या पुढच्या कलमांत असते. काही कंपन्या लिहून घेतात की नोकरीच्या काळात, ऑफिसच्या वेळेबाहेरसुद्धा, कंपनीच्या धंद्याशी संबंधित जे काही बनवाल ते आमचं. तुम्ही बेडशीटच्या कंपनीत आहात आणि घरी क्विल्ट शिवताय, तर ते 'संबंधित' आहे का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून उपयोग नाही, एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या. जिन्यात भेटल्यावर मॅनेजर 'अगं कर की, कोण बघतंय' म्हणाला याला काही किंमत नाही, तो उद्या दुसरीकडे जाईल.

बघायच्या गोष्टी साधारण अशा: बौद्धिक संपदेचं कलम, बाहेरचं काम करण्याबद्दलचं कलम, स्पर्धक कंपनीबद्दलचं कलम, आणि नोकरी सोडल्यावर यातलं काय किती काळ चालू राहतं. जॉइन होताना कधीकधी एक जोडपत्र असतं, त्यात तुमचं आधीचं काम लिहायचं असतं, लोक तिथे सरळ 'काही नाही' लिहून मोकळे होतात. असं करू नका, तुमच्या आधीच्या सिरीज, तंत्रं, ठसे, सगळं लिहा, फोटो जोडा. आणि कलमाची भाषा अगदीच जाचक वाटली तर वकिलाला एकदा दाखवा, एका बैठकीचं काम असतं.

मग रोजची शिस्त. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या कामाला वापरायचा नाही, ऑफिसच्या लायसन्सवरचं सॉफ्टवेअर नाही, कंपनीने पैसे भरून घेतलेले ट्रेंड रिपोर्ट नाहीत, अर्काइव्हमधले जुने नमुने तर अजिबात नाहीत. सँपलिंग रूममधला उरलेला सुताचा कोन 'असाही फेकणारच होते' म्हणून पिशवीत टाकायचा मोह होतो, खूप होतो, विचारून घ्या, नाहीतर राहू द्या. घरी एक वही ठेवा, तारीख घाला, स्केचचे आणि चुकलेल्या तुकड्यांचेही फोटो काढून ठेवा. पुढे कधी प्रश्न आलाच की हे मोटिफ कुणाचं, तर फायनल तुकड्यापेक्षा ते चुकलेले तुकडेच जास्त उपयोगी पडतात, कारण गोष्ट कुठून कुठे गेली ते त्यात दिसतं.

कुठलं काम मध्येच सोडता येतं

क्राफ्ट निवडताना सगळे विचारतात की मला काय आवडतं. नोकरी करणाऱ्याने अजून एक विचारायचं, हे मध्येच सोडता येतं का, आणि परत हातात घेतलं की किती मिनिटांत सुरू होतं?

हाताची शिलाई आणि भरतकाम यात सगळ्यात पुढे आहे. धावदोऱ्याचं काम कुठेही थांबवा, सुई कापडात खोचा, विषय संपला. पंधरा मिनिटं असतील तर पंधरा मिनिटांचं काम होतं. सुयांवरच्या विणकामात आणि क्रोशात तसंच, फक्त ओळीच्या मध्ये थांबलात तर कुठे होतो ते लिहून ठेवावं लागतं. लेस किंवा अवघड पॅटर्न असेल तर ओळ संपवूनच उठा.

हातमागाचं गणित वेगळं. तिथे अवघड भाग ताणा लावण्याचा, म्हणजे धागे मोजणं, फणीच्या दातांतून ओवणं, रोलरवर गुंडाळणं, याला डोकं शांत लागतं आणि सलग वेळ लागतो, हे कामाच्या दिवशी रात्री करू नये. पण एकदा ताणा चढला की विणणं हे थोडं थोडं होण्यासारखं काम आहे. म्हणून लांब ताणा लावा. दोन मीटरच्या एका स्कार्फसाठी ताणा लावला तर शेवटी मागावर जो भाग वाया जातो, साधारण साठ ते नव्वद सेंटिमीटर धरा, माग कसा आहे त्यावर कमी जास्त, तो एकट्या स्कार्फच्या डोक्यावर बसतो. तोच नऊ-दहा मीटरचा लावला तर चार स्कार्फ निघतात आणि वाया तेवढंच जातं. सूत वाचतं हे आहेच, पण आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे डोकं लावायचं काम चार वेळांऐवजी एकदाच झालं. पुढचे कित्येक आठवडे संध्याकाळी बसायचं आणि आडवा धागा नेणारा धोटा टाकायचा, एवढंच.

मागावरून उठताना काय करायचं हेही ठरलेलं असू द्या. पॅटर्नचा रिपीट पूर्ण करूनच थांबा. ग्राफ एखाद्या पत्र्याला चिकटवून त्यावर लोहचुंबक ठेवायचं आणि ओळ संपली की खाली सरकवायचं, म्हणजे चार दिवसांनी आलात तरी 'कितवा धागा होता बाई' असं होत नाही. कापडाच्या कडेला मापाची फीत टाचणीने लावून ठेवा, किती विणलं ते गुंडाळी न उलगडता कळतं. दोन-चार दिवस बसणार नसाल तर ताण सैल करून ठेवा. आणि अजून एक, दमलेल्या दिवशीचा फणीचा ठोका आणि ताज्या दिवशीचा ठोका सारखा पडत नाही. सुट्टीच्या दिवशी विणलेला पट्टा घट्ट आणि बुधवारचा विरळ, उजेडात धरलं की सरळ आडवी रेघ दिसते. विरळ, समतोल विणीत हे जास्तच दिसतं. म्हणून तुकड्या-तुकड्याने विणणार असाल तर बाण्याने, म्हणजे आडव्या धाग्याने, ताणा पूर्ण झाकला जातो अशी वीण घ्या, टॅपेस्ट्रीसारखी, नाहीतर मुळातच जाडबारीक असलेलं सूत घ्या. त्यात ठोक्याचा फरक मुरून जातो.

रंगाईवाले म्हणतील आमचं काय, आमचं तर भांडं चुलीवर चढलं की उठता येत नाही. खरंय, पण नैसर्गिक रंगाईचे टप्पे सुटे करता येतात हे लक्षात घ्या. लोकर धुऊन वाळवली, ठेवली. दुसऱ्या कुठल्या दिवशी रंग धरून ठेवणारी तुरटी दिली, लोकरीच्या कोरड्या वजनाच्या बारा ते पंधरा टक्के धरून, मग वाळवून लेबल लावून डब्यात. ती तशीच पुढे कितीतरी दिवस राहते, कोरडी आणि स्वच्छ असली म्हणजे झालं. सुती धाग्याला आधी टॅनिन आणि मग अॅल्युमिनियम अॅसिटेट, तेही पाच ते आठ टक्क्यांत काम भागतं. ही तयारी फार विचार न करता होते, तराजू आणि घड्याळ एवढंच लागतं. खरा रंग चढवायचा दिवस मात्र राखून ठेवा. मंजिष्ठाच्या जातीतल्या मुळांचा लाल हवा असेल तर तापमान साधारण सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळावं लागतं, वर गेलं की तपकिरीकडे झुकतो, एका बाजूला ऑफिसचा कॉल आणि एका बाजूला ते भांडं हे जमणारं नाही.

निळीचा माठ हा सगळ्यांचा लाडका आणि नोकरीवाल्यांचा वैरी, असं म्हणतात. आंबवलेल्या माठाच्या बाबतीत ते बरोबरच आहे, त्याला रोज बघावं लागतं. पण फ्रक्टोजचा माठ आपल्यासारख्यांना सोयीचा पडतो, फ्रान्सचे मिशेल गार्सिया यांनी लोकप्रिय केलेला, प्रमाण वजनाने एक भाग नीळ, दोन भाग विरलेला चुना, तीन भाग फ्रक्टोज, म्हणजे फळांतली साखर. करताना गरम पाणी लागतं, पन्नास अंशांच्या आसपास. वर तांब्यासारखी साय आणि खाली पिवळसर-हिरवं ते तपकिरी पारदर्शक पाणी दिसलं की तयार. काही दिवस दुर्लक्ष झालं आणि पाणी निळंच दिसायला लागलं तर कोमट करा, थोडं फ्रक्टोज घाला, हलवा, थांबा, बहुतेक वेळा परत येतो. रंगाईची भांडी, चमचे, गाळणी स्वयंपाकाची कधीच नकोत, नैसर्गिक आहे म्हणून खाण्यासारखं आहे असं नाही, आणि चुना किंवा कुठलीही पूड मोजताना मास्क लावा.

ठसेकाम मधलं आहे. कोरणं थोडं थोडं होतं, छापणं सलग करावं लागतं. म्हणजे आठवडाभर कोरा आणि सुट्टीत छापा.

ठरवायचा दिवस वेगळा, करायचा दिवस वेगळा

वरचं सगळं नीट बघितलं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येतेय. प्रत्येक कामात ठरवण्याचा भाग असतो आणि करण्याचा असतो. ठरवण्याचा भाग सुट्टीच्या सकाळी उरका, करण्याचा भाग आठवड्यात सोडा.

रंगाचे निर्णय तर दिवसाच घ्या, आणि यामागे थकव्याखेरीज दुसरंही कारण आहे. ऑफिसात लाइट बॉक्स असतो, डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा, टीएल८४ म्हणजे दुकानातल्या ट्यूबचा, आणि तिथे आपण लॅब डिप दोन्हीत बघितल्याशिवाय पास करत नाही. घरी मात्र रात्री अकरा वाजता पिवळ्या बल्बखाली दोन राखाडी कोन शेजारी ठेवून 'मस्त जुळतंय' म्हणतो! सकाळी त्यातला एक हिरवट निघतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी खिडकीपाशी बसून कोन निवडा, त्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या लावा आणि कागदावर क्रम लिहून टाका: तीन, तीन, एक, सात. रात्री फक्त नंबर वाचायचे.

भरतकाम असेल तर आठवड्याचं पाकीट करा. कापड कापलेलं, रेघा मारलेल्या, दोरे निवडलेले, पाच-सहा सुया आधीच ओवून ठेवलेल्या. पाकीट उघडलं की पहिल्याच मिनिटाला टाका पडला पाहिजे. सुई शोधणं, कात्री शोधणं, मग तो एक शेड सापडत नाही म्हणून सगळा खण उपसणं, यातच संध्याकाळ जाते आणि शिवाय चिडचिड.

लहान मापाचं काम करायला लाज वाटून घेऊ नका, हेही सांगायला हवं. शीला हिक्स या टेक्सटाइल कलाकाराने मोठमोठ्या इमारतींसाठी प्रचंड कामं केली, आणि १९५० च्या दशकाच्या शेवटापासून कागदाच्या पानाएवढी छोटी विणकामंही करत राहिली, चित्रकार कॅनव्हास ताणायला वापरतात तसल्या साध्या लाकडी चौकटीवर, जी बरोबर नेता येते. तिचं प्रयोगाचं सगळं तिथे चालायचं. आपण मात्र पहिल्याच फटक्यात भिंतभर काम काढायचं ठरवतो आणि मग ती भिंत तशीच राहते.

इंग्लंडचा डिझायनर विल्यम मॉरिस याचं उदाहरण लोक फार देतात, मी जरा वेगळ्या कारणासाठी देते. १८७९ मध्ये स्वतःची कंपनी चालू असताना त्याने लंडनच्या घरात झोपायच्या खोलीतच माग लावला आणि टॅपेस्ट्री शिकायला घेतली, मे ते सप्टेंबर त्या एका तुकड्यावर ५१६ तास बसला. रोजचे जवळपास चार तास होतात हे, ऐकून दडपण येतं, पण तो मालक होता, त्याला कोणी पंच इन करायला लावत नव्हतं. घेण्यासारखं हे की त्याने तास लिहून ठेवले, म्हणून तर आज आपल्याला आकडा माहीत आहे. तुम्हीही लिहा. सहा महिन्यांनी 'काहीच होत नाही' असं वाटायला लागतं तेव्हा वहीत बघितलं की बरंच काही झालेलं असतं.

सिझनचं कॅलेंडर बघून वर्ष लावा

टेक्सटाइलच्या नोकरीत वर्ष सपाट नसतं. लाइन रिव्ह्यूच्या, म्हणजे कलेक्शन दाखवून पास करून घ्यायच्या बैठकीच्या, आधीचे आठवडे, बायर येण्याच्या आधीचे, फेअरच्या आधीचे, तेव्हा घरी काही होणार नाही हे गृहीत धरा. होम टेक्सटाइलवाल्यांची फ्रँकफर्टची हाइमटेक्सटिल ही फेअर जानेवारीत असते, म्हणजे वर्षाचा शेवट कसा जातो ते त्यांना सांगायला नको. त्या दिवसांत फक्त पाकीटवालं काम ठेवा किंवा तेही नको, दोन फाटके शर्ट रफू केले तरी चालतं. नवीन ताणा, नवीन रंगाई, नवीन तंत्र शिकणं, हे कलेक्शन हातावेगळं झाल्यावर येणाऱ्या मोकळ्या आठवड्यांत टाका, आणि सुट्टी मागायची तर तेव्हाच मागा, मॅनेजर पण बऱ्या मूडमध्ये असतो.

विकायचं का

सगळे विचारतात, कितीला देणार. मी म्हणेन निदान सुरुवातीचं वर्षभर विकू नका. पैसे वाईट म्हणून नाही, ऑर्डर आली की बायर आला म्हणून. 'हेच पण जरा गुलाबीत मिळेल का' हे वाक्य ऐकलं की समजायचं, ऑफिस घरी आलं.

विकायचंच असेल तर झालेल्या वस्तू विका, ऑर्डर घेऊन बनवू नका. आणि हिशोब ऑफिसात करता तसाच करा, तिथे आपण कॉस्टिंग शीटमध्ये पॅकिंगची पिशवीसुद्धा धरतो आणि घरी स्वतःचे चाळीस तास धरत नाही. साहित्य, वाया गेलेलं, तास गुणिले तुमचा दर, वीज, पॅकिंग, विकणाऱ्याचं कमिशन. येणारा आकडा बघून हसू येईल, येऊ द्या. तो आकडा कोणी देणार नसेल तर ती वस्तू विकण्यासाठी नाहीच, भेट द्या किंवा ठेवा, पण निम्म्या किमतीत देऊ नका. त्याने याच कामावर पोट असलेल्या माणसाचा भाव पडतो, आपल्याला पगार आहे, त्याला नाही.

सोशल मीडियाचं एवढंच की ऑफिसातले लोक बघतात हे धरून चाला. ऑफिसचं न आलेलं कलेक्शन आणि घरचं काम एका फोटोत चुकूनही नको, मागच्या भिंतीवर लावलेला मूड बोर्डसुद्धा दिसतो.

हात आणि डोळे

माऊसचं मनगट आणि धोट्याचं मनगट एकच असतं. दिवसभर माऊस उजव्या हातात असेल तर संध्याकाळी उजव्याच हाताने बारीक चिमटीचं काम तासभर सलग करू नका. मध्ये उठा, बोटं पूर्ण उघडा, खांदे फिरवा. बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, हे दिसलं की डॉक्टरकडे जा, तेलमालिशवर महिने काढू नका. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं ते ऑफिससाठी सांगतात, पण बारीक भरतकामाला ते तेवढंच लागू आहे. काळ्या कापडावर काळा दोरा रात्री, हे तर करूच नका.

एकातलं दुसऱ्यात काय जाऊ द्यायचं

ऑफिसातून घरी आणण्यासारखं बरंच आहे. नोंदी ठेवायची सवय आणा, प्रत्येक स्वॉचला, म्हणजे नमुन्याच्या तुकड्याला, तारीख, सूत, प्रमाण, किती वेळ. फायनलच्या आधी छोटा नमुना करायची सवय आणा, धुऊन बघायची आणा. दहा सेंटिमीटरचा तुकडा धुतल्यावर नऊचा झाला हे आधी कळलेलं बरं.

घरून ऑफिसात मात्र हातचं राखून न्या. हाताला जे कळलंय ते न्या, म्हणजे हे कापड एवढ्या धाग्यांत लूज पडेल, हा रंग या सुतावर असा बसणार नाही, हे मीटिंगमध्ये तुम्ही आत्मविश्वासाने सांगाल आणि मिलवाल्याशी बोलताना त्याची भाषा कळेल. पण तुमचं घरचं मोटिफ, तुमची स्वतःची रंगसंगती, डेडलाइन आली आणि डोकं चाललं नाही म्हणून ऑफिसात टाकू नका. एकदा टाकलं की ते कंपनीचं, आणि नंतर घरी तेच परत करताना तुम्हालाच ते ऑफिसचं वाटायला लागतं.

विणकर-डिझायनर अॅनी आल्बर्सने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेच्या विणकाम विभागात हातमागावर कारखान्यांसाठी नमुने बनवायचे, ती त्यातूनच आली. पुढे अमेरिकेत नोलसारख्या फर्निचरच्या कंपनीसाठी मीटरने विकायची कापडं डिझाइन केली, त्यात कापडाचा उपयोग पहिला. आणि स्वतःची 'चित्र-विणकामं' वेगळी ठेवली, ती नुसती बघायची, वापरायची नाहीत. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं एकटीचं प्रदर्शन झालं. माग तोच, सूत कधीकधी तेच, पण कुठलं काम कुणासाठी याचा गोंधळ नाही. ब्रिटिश डिझायनर ल्युसिअन डेचं उलट आहे, ती नोकरदार नव्हती, फ्रीलान्स होती, १९५१ चं 'कॅलिक्स' हे लंडनच्या हील्स या दुकानासाठी केलेलं तिचं गाजलेलं प्रिंट, त्यानंतर वर्षानुवर्षं कारखान्यासाठीच डिझाइन केलं, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत रेशमाचे छोटे तुकडे जोडून एकेक स्वतंत्र मोझेक करायला लागली. म्हणजे दोन्ही एकाच वेळी चाललं पाहिजे असंही काही नाही, आयुष्यात एकामागून एक आलं तरी चालतं. आत्ता मुलं लहान आहेत, प्रमोशनचं वर्ष आहे, आईवडिलांचं आजारपण आहे, तर माग झाकून ठेवा.

कमी दिवसांची नोकरी मागायची असेल तर

काही जणांना एका टप्प्यावर चार दिवसांचा आठवडा हवा असतो. मागताना 'माझ्या क्राफ्टसाठी' असं म्हणू नका, खरं असलं तरी. तुमच्याकडची कामं लिहून न्या, कुठली चार दिवसांत होतात, कुठली कोणाकडे जातील, पगार किती कमी घ्याल, आणि तीन महिने करून बघू असं म्हणा. कलेक्शन जाऊन दोन आठवडे झालेले असताना मागा. आणि होकार आला तर ते कॉन्ट्रॅक्टमध्ये बदलून घ्या, त्याच वेळी बाहेरच्या कामाचं कलमही सुधारून मागा, नंतर कोणी ऐकत नाही.

फार दिवसांनी परत बसताना

खंड पडतोच. सहा महिन्यांनी मागावरचं कापड काढताना जुना ताणा पूर्ण उपसून नव्याने सुरुवात करायची गरज नसते, धाग्यांची संख्या आणि घनता तीच ठेवणार असाल तर. आधी ताण देऊन बघा कुठले धागे सैल पडलेत, फणीला गंज चढलाय का ते बघा, गंजाचे डाग सुतावर उतरतात आणि निघत नाहीत. मग विणलेलं कापून घ्या, पण फणीच्या पुढे हातभर धागे राहू द्या आणि मूठमूठभर घेऊन सैल गाठी मारा म्हणजे निसटणार नाहीत. नवीन ताण्याचा एकेक धागा जुन्या एकेक धाग्याला बांधायचा, हे डोकं न लागणारं काम आहे, आठवड्यातल्या संध्याकाळींना मस्त बसतं. सगळे बांधून झाले की मागच्या बाजूने हळूहळू ओढून घ्या, फणीपाशी गाठी आल्या की थांबून त्या बोटांनी हळूच दातांतून सरकवा, घाईत ओढलं की गाठ दातात अडकते आणि धागा तिथेच तुटतो.